न्यूट्रिनोचं वस्तुमान आणि विश्वाची शिल्लक

वेंगुर्ल्याहून आग्नेयेला सरळ रेघ ओढली तर दीडशे किलोमीटरच्या आत कैगा लागतं. कारवारजवळच्या जंगलातलं अणुवीज केंद्र, २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या. या भट्ट्या पूर्ण क्षमतेने चालल्या की विजेसोबत आणखी एक गोष्ट त्यांतून सतत बाहेर पडते आणि ती भिंत, डोंगर, समुद्र कशालाच जुमानत नाही. ती म्हणजे प्रतिन्यूट्रिनो, न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म, विद्युतप्रभार नसलेल्या कणाचा जोडीदार प्रतिकण. सेकंदाला किती? सहावर वीस शून्यं, साधारण तेवढे. चहूकडे पसरत ते वेंगुर्ल्यापर्यंत पोचतात तेव्हा अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून सेकंदाला दोनएक लाख पार होत असतात. हिशेब ढोबळ आहे, पण अवघड नाही. भट्टीच्या दर एक गिगावॅट उष्णतेमागे सेकंदाला सुमारे दोनावर वीस शून्यं इतके प्रतिन्यूट्रिनो धरायचे आणि अंतराच्या वर्गाने भागत जायचं.

आकडा ऐकून दचकायचं कारण नाही. त्याच नखातून सूर्याकडून येणारे न्यूट्रिनो सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी असतात, आणि ते रात्रीही येतात, फक्त तेव्हा पृथ्वी भेदून पायाखालून. त्यांतला एखादाही शरीरातल्या अणूवर आदळला तर विशेष. कैगाचं नाव निघालं की कोकणात जैतापूर निघतंच, म्हणून एवढं सांगून ठेवतो: जैतापूरचे प्रश्न जमिनीचे, मासेमारीचे आणि सुरक्षिततेचे आहेत, ते ज्याचे त्याने भांडावेत. न्यूट्रिनोला मात्र त्या भांडणात ओढू नये. तो कोणाचंच काही बिघडवत नाही.

मग इतक्या निरुपद्रवी, जवळजवळ नसल्यासारख्या कणावर जगभरचे शास्त्रज्ञ हजारो कोटी रुपये का खर्च करतात? कारण त्याला वस्तुमान आहे. अगदी नगण्य, पण शून्य नाही. आणि ते इतकं नगण्य का, या प्रश्नाचं जे उत्तर सर्वांत नीट बसतं, त्याच उत्तरातून विश्वात आज काहीतरी शिल्लक का आहे, हेही कदाचित कळतं.

शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला ते १९३० साल. त्याच वर्षी ४ डिसेंबरला भौतिकशास्त्रज्ञ वोल्फगांग पाउलीने सहकाऱ्यांना एक पत्र लिहिलं. काही किरणोत्सारी अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो तेव्हा ऊर्जेचा हिशेब जुळत नव्हता, दर वेळी कमी-जास्त ऊर्जा गायब व्हायची. पाउलीने सुचवलं की सोबत एक न दिसणारा, विद्युतप्रभार नसलेला कण निघत असावा आणि तूट तो घेऊन जात असावा. पुढे फर्मीने त्याचा सिद्धान्त मांडला, आणि १९५६ मध्ये राइन्स आणि कॉवन यांनी अमेरिकेतल्या एका अणुभट्टीशेजारी तो कण पकडला. आपल्याकडे १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह वातावरणात जन्मलेल्या न्यूट्रिनोच्या खुणा टिपल्या. त्याच वर्षी राइन्सच्या गटाला त्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीत सापडल्या. जगात पहिल्यांदा हे या दोन खाणींतच दिसलं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत कोलार फक्त सोन्यासाठी येतं, याची मला खंत वाटते.

न्यूट्रिनोचे तीन प्रकार आहेत: इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो, म्यूऑन-न्यूट्रिनो आणि टाऊ-न्यूट्रिनो. सूर्यात फक्त पहिला प्रकार तयार होतो. रे डेव्हिस यांनी १९६०च्या दशकात साउथ डकोटातल्या होमस्टेक खाणीत, ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाने भरलेली मोठी टाकी ठेवून सूर्याचे न्यूट्रिनो मोजायला घेतले. अपेक्षेच्या एक तृतीयांशच सापडले. वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की एकतर डेव्हिस यांचं मोजमाप चुकतंय, नाहीतर सूर्याचं गणित चुकलंय. दोन्ही बरोबर होतं. न्यूट्रिनो वाटेत प्रकार बदलत होते, आणि डेव्हिस यांच्या टाकीला एकच प्रकार दिसत होता. जपानच्या सुपर-कामिओकांदेने १९९८ मध्ये वातावरणातल्या न्यूट्रिनोंबाबत, आणि कॅनडाच्या सडबरी प्रयोगशाळेने २००१-०२ मध्ये सूर्याच्या न्यूट्रिनोंबाबत हे दाखवून दिलं. ताकाआकी काजिता आणि आर्थर मॅकडोनाल्ड यांना त्यासाठी २०१५चं नोबेल मिळालं.

वेंगुर्ल्याला जवळची वाटावी अशी गोष्ट मात्र कॅमलँडची आहे. जपानमध्येच, डोंगराखाली, हजार टन द्रव भरलेला हा शोधक देशभरच्या अणुभट्ट्यांतले प्रतिन्यूट्रिनो मोजत होता. भट्ट्यांचं सरासरी अंतर सुमारे १८० किलोमीटर, म्हणजे कैगा-वेंगुर्ल्याहून थोडंसंच जास्त. प्रकार बदलत नसता तर पहिल्या मोजणीत सुमारे ८७ घटना दिसायला हव्या होत्या. दिसल्या ५४. तेव्हा कैगाहून निघालेल्या प्रतिन्यूट्रिनोंतलेही पुष्कळ, सावंतवाडी ओलांडून आमच्या किनाऱ्याला येईपर्यंत, निघताना होते तसे राहत नाहीत.

प्रकार बदलण्याचा वस्तुमानाशी काय संबंध? न्यूट्रिनो जन्मतो तेव्हा त्याचा प्रकार ठरलेला असतो, पण वस्तुमान ठरलेलं नसतं. तो तीन वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अवस्थांचं मिश्रण असतो. पुंजयामिकीत, म्हणजे अतिसूक्ष्म कणांच्या भौतिकशास्त्रात, प्रत्येक अवस्था एक लहर असते, आणि लहरीची लय वस्तुमानावर अवलंबून असते. निघताना तिन्ही लहरी अशा जुळलेल्या असतात की बेरीज ‘इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनो’ येते. पुढे त्या एकमेकींशी जुळेनाशा होतात आणि बेरजेत म्यूऑन, टाऊ डोकावू लागतात. तिघींचं वस्तुमान शून्य असतं, तर लय एकच राहिली असती आणि निघालेला प्रकारच शेवटपर्यंत पोचला असता. म्हणून प्रकार बदलतो एवढं कळलं की वस्तुमान आहे हे आपोआप आलं.

किती आहे? प्रकारबदलाच्या प्रयोगांतून वस्तुमानांच्या वर्गांमधला फरकच कळतो. त्यावरून तिघांतल्या सर्वांत जड न्यूट्रिनोचं वस्तुमान किमान ०.०५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक) असायला हवं. वरची मर्यादा जर्मनीतल्या काट्रिन प्रयोगाने २०२५ मध्ये ०.४५ इलेक्ट्रॉन-व्होल्टवर आणली. इलेक्ट्रॉनचं वस्तुमान याच एककात ५,११,००० आहे. म्हणजे मूलकणांमधला हलका समजला जाणारा इलेक्ट्रॉनसुद्धा न्यूट्रिनोहून दहा लाख ते एक कोटी पट जड.

इथे शास्त्रज्ञांना बोच लागते. इलेक्ट्रॉन, क्वार्क (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात ते) वगैरे कणांना वस्तुमान सगळीकडे पसरलेल्या हिग्ज क्षेत्रातून मिळतं, आणि त्यासाठी कणाचं डावखुरं आणि उजवं (गिरकीच्या दिशेवरून) अशी दोन्ही रूपं लागतात. न्यूट्रिनोचं फक्त डावखुरं रूप आजवर दिसलं आहे. उजवं असलंच, तर त्याच्यावर ना विद्युतप्रभार, ना निसर्गातल्या इतर बलांशी नातं. गुरुत्वाकर्षण सोडलं तर त्याची जगाशी जवळपास ओळखच नाही. आणि ज्याला कसलाच प्रभार नाही, त्याला हिग्जची वाट न बघता स्वतःचं वस्तुमान असायला कोणताही नियम आडवा येत नाही. ते कितीही मोठं असू शकतं.

हे मान्य केलं की गणितातून एक सुंदर गोष्ट निघते. हलक्या न्यूट्रिनोचं वस्तुमान म्हणजे नेहमीच्या कणांसारख्या वस्तुमानाचा वर्ग भागिले त्या जड सोबत्याचं, म्हणजे उजव्या न्यूट्रिनोचं, वस्तुमान. सोबती जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका. याला सी-सॉ यंत्रणा म्हणतात. १९७७ ते १९८० या काळात ती अनेकांनी स्वतंत्रपणे मांडली, त्यांत मूळचे ओडिशाचे रवींद्र मोहपात्रा होते. टॉप क्वार्कच्या, म्हणजे सर्वांत जड क्वार्कच्या, आसपासचं वस्तुमान भागाकारात वर घातलं आणि उत्तर ०.०५ यायला हवं असं म्हटलं, तर सोबती प्रोटॉनच्या सहावर चौदा शून्यं इतके पट जड निघतो. कण एकमेकांवर आदळवणारा जिनिव्हाचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर जेवढी ऊर्जा एका टकरीत ओततो, तिच्या अब्जावधी पट. असा कण बनवून बघणं आपल्या कुठल्याच यंत्राला जमणार नाही. वरचं वस्तुमान कमी धरलं तर सोबतीही हलका निघतो, पण तो आकडा कोणता धरायचा हे सिद्धान्त सांगत नाही. माझ्या मते हा सी-सॉचा कच्चा दुवा आहे आणि कौतुकाच्या भरात तो बरेचदा झाकला जातो.

या यंत्रणेची एक अट मात्र ठाम आहे: न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो मुळात एकच असायला हवेत. एत्तोरे मायोराना या इटालियन तरुणाने १९३७ मध्ये अशी शक्यता मांडली होती. पुढच्याच वर्षी पालेर्मोहून नेपल्सला निघाल्यावर तो नाहीसा झाला आणि पुन्हा कधी सापडला नाही. भौतिकशास्त्रातल्या लोकांना ही गोष्ट सांगायला फार आवडते, मलाही.

आता शिल्लकेकडे. भौतिकशास्त्रज्ञ डिरॅकने १९२८ मध्ये मांडलेल्या समीकरणातून पुढे दिसलं की इलेक्ट्रॉनसारख्या प्रभारित कणाला उलट प्रभाराचा जोडीदार असतो, आणि १९३२ मध्ये इलेक्ट्रॉनचा जोडीदार सापडलाही. कण आणि प्रतिकण भेटले की दोन्ही संपतात, उरतो तो प्रकाश. महास्फोटानंतरच्या प्रचंड उष्णतेत दोन्ही सारख्याच संख्येने जन्मले असते तर दोन्ही सारखेच संपलेही असते. ना तारे, ना समुद्र, ना हे वाचणारं कोणी.

तसं झालं नाही, आणि किती थोडक्यात हुकलं ते मोजता येतं. आज विश्वात दर घनसेंटिमीटरमध्ये त्या जुन्या उष्णतेचे सुमारे ४११ प्रकाशकण आहेत. साधं द्रव्य मात्र सरासरी चार घनमीटरमध्ये एखाद्या प्रोटॉनइतकं. भागाकार केला की प्रोटॉन-न्यूट्रॉन आणि प्रकाशकण यांचं प्रमाण येतं दर अब्जाला साधारण अर्धा ते एक. म्हणजे सुरुवातीला प्रतिकण जर अब्ज असतील तर कण अब्ज आणि एक, अशी काहीशी स्थिती होती. अब्ज जोड्या विझल्या, वरचा एक राहिला. आपल्याला दिसतं ते सगळं त्या वरच्या एकांचं बनलेलं आहे. हाच आकडा विश्वातल्या जड हायड्रोजनच्या प्रमाणातूनही स्वतंत्रपणे निघतो, म्हणून त्यावर विश्वास ठेवता येतो.

आमच्या वाचनालयात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरच्या एका वयस्कर गृहस्थांनी विचारलं, “मास्तरांनू, मगे ही बाकी उरली कशी?” आयुष्यभर दुकानाच्या वह्या सांभाळलेला माणूस. बेरजेत एक रुपया वाढला तर तो आला कुठून, हे त्याला कळल्याशिवाय चैन पडणार नव्हतं, आणि त्याचं बरोबर होतं.

१९६७ मध्ये रशियन भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेई साखारोव यांनी बाकी उरण्यासाठी काय काय लागतं ते लिहून ठेवलं. द्रव्याची एकूण संख्या बदलणारी एखादी क्रिया निसर्गात असायला हवी, हे उघडच आहे. कण आणि प्रतिकण यांच्याशी निसर्ग थोडा दुजाभाव करायला हवा. तो करतो, हे १९६४ मध्ये क्रोनिन आणि फिच यांना केऑन नावाच्या कणांत दिसलं होतं. पण क्वार्कांमधला हा दुजाभाव इतका क्षीण आहे की त्यातून अब्जात एक इतकी बाकी जमत नाही, कितीतरी पटींनी कमी पडते. त्यामुळे दुजाभावाचा दुसरा एखादा उगम शोधणं भाग आहे.

तिसरी अट लोकांच्या पटकन गळी उतरत नाही. मिठागर बघितलेल्याला ती सोपी जावी. आगरात खारं पाणी घेतलं की त्यात मीठ असतंच, पण पाणी भरपूर आहे तोवर मिठाचा एखादा कण सुटा झाला तरी लगेच परत विरघळतो. जाणं-येणं सारखंच चालू, हाती काही लागत नाही. उन्हाने पाणी उडू लागतं, परत विरघळायला वाव राहत नाही, तेव्हा मीठ तळाशी बसतं. विश्वाचंही तसंच: सगळं एकसारखं तापलेलं असताना प्रत्येक क्रिया उलटीही तितक्याच वेगाने होते आणि जमलेली बाकी तिथल्या तिथे फिटते. विश्व प्रसरण पावून थंड होताना एखादी उलटी क्रिया मागे पडली, तरच बाकी टिकते.

आता तो जड सोबती आठवा. १९८६ मध्ये मासाताका फुकुगिता आणि त्सुतोमु यानागिदा यांनी दाखवलं की तिन्ही अटी तो एकटा पुऱ्या करू शकतो. विश्व अतितप्त होतं तेव्हा हे जड न्यूट्रिनो भरपूर होते. थंडावा वाढला तसे ते विघटित होऊ लागले, आणि त्यांना परत बनवण्याइतकी ऊर्जा आता कोणाकडे नव्हती, उलटी वाट बंद. जड न्यूट्रिनो स्वतःच स्वतःचा प्रतिकण असल्यामुळे त्याला दोन रस्ते खुले: लेप्टॉन आणि हिग्ज, किंवा प्रतिलेप्टॉन आणि हिग्ज. (लेप्टॉन म्हणजे इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो यांचं कुटुंब.) विघटनाच्या थेट वाटेची लहर आणि वळसा घालून जाणाऱ्या वाटेची लहर एकमेकींत मिसळतात. त्या मिसळण्यात प्रतिलेप्टॉनच्या रस्त्याला किंचित झुकतं माप मिळू शकतं. दहा लाखांत एकाच्या आसपासचा फरकसुद्धा पुरतो.

पण यातून जमले प्रतिलेप्टॉन, आणि आपल्याला हवेत प्रोटॉन. ही अदलाबदल करणारी यंत्रणा मात्र कल्पनेतली नवी भर नाही, ती आज मान्य असलेल्या सिद्धान्तातच दडलेली आहे. अतिउष्ण विश्वात क्षीण बलाच्या (किरणोत्सारी अणूंतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतो त्यामागचं बल) काही क्रिया अशा घडतात की क्वार्क आणि लेप्टॉन यांची स्वतंत्र बेरीज टिकत नाही, फक्त द्रव्याची संख्या वजा लेप्टॉनची संख्या हा फरक टिकतो. कुझमिन, रुबाकोव आणि शापोश्निकोव यांनी १९८५ मध्ये यावर बोट ठेवलं. या क्रियांनी जास्तीच्या प्रतिलेप्टॉनांचा काही भाग जास्तीच्या क्वार्कांत वळवला. विश्व आणखी निवलं, या क्रिया थांबल्या, आणि बाकी कायमची नोंदली गेली. हे सगळं पहिल्या सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळात. वहीवाल्या गृहस्थांना मी एवढंच म्हणालो की रुपया दुसऱ्या खात्यातून वळता झाला. ते म्हणाले, “मगे त्या खात्याची वही दाखवा.”

तीच तर अडचण आहे. जड न्यूट्रिनो सगळे तेव्हाच संपले. आता शोधायच्या त्या आडून मिळणाऱ्या खुणा.

पहिली खूण: न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो प्रकार बदलताना वेगळे वागतात का? जपानच्या टी२के प्रयोगात किनाऱ्यावरच्या तोकाईहून २९५ किलोमीटर दूरच्या सुपर-कामिओकांदेकडे दोन्हींचे झोत पाठवतात. २०२० मध्ये त्यांनी दुजाभावाकडे झुकणारे संकेत प्रसिद्ध केले. अमेरिकेच्या ८१० किलोमीटरच्या नोव्हा प्रयोगात, ज्यात भारतीय संस्थाही आहेत, चित्र तितकं तसंच आलं नाही. पक्का निकाल जपानच्या हायपर-कामिओकांदे आणि अमेरिकेच्या ड्यून या येऊ घातलेल्या प्रयोगांकडून अपेक्षित आहे. ड्यूनचा शोधक बसणार आहे तो डेव्हिस यांच्याच होमस्टेक खाणीत. यावर “आपण का आहोत याचं उत्तर सापडलं” असे मथळे येतील तेव्हा ते थोडे जपून वाचावेत. हलक्या न्यूट्रिनोंमधला दुजाभाव आणि त्यांच्या जड सोबत्यांमधला दुजाभाव एकच असेल असं नाही. पहिला सापडल्याने दुसरा शक्य वाटू लागतो, सिद्ध होत नाही.

दुसरी खूण मला जास्त वजनाची वाटते. काही अणुकेंद्रकं एकाच वेळी दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रतिन्यूट्रिनो टाकतात. न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण असेल तर क्वचित कधी नुसते दोन इलेक्ट्रॉन बाहेर यायला हवेत. तसं एकदा जरी निःसंशय दिसलं, तरी लेप्टॉनांची संख्या निसर्गात बदलू शकते हे पक्कं होईल, आणि मायोराना बरोबर ठरेल. कॅमलँडच्याच टाकीत झेनॉन घालून हा शोध झाला. अजून घटना दिसलेली नाही. झेनॉनसाठी अर्धायुष्य (निम्मे अणू असे फुटायला लागणारा काळ) दोनावर सव्वीस शून्यं एवढ्या वर्षांहून जास्त असलं पाहिजे, इतकं कळलं आहे. विश्वाचं वय या आकड्यापुढे काहीच नाही, त्यामुळे शेकडो किलो पदार्थ घेऊन वर्षानुवर्षं थांबायचं, एवढाच मार्ग.

आपल्याकडची परिस्थिती संमिश्र आहे. तामिळनाडूच्या थेनी जिल्ह्यात डोंगराखाली पन्नास हजार टन चुंबकित लोखंडाचा शोधक उभारायच्या प्रकल्पाला २०१५च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. स्थानिक विरोध आणि पर्यावरणाच्या परवानग्या यांत तो अडकून पडला. पश्चिम घाटात बोगदा खणण्याबद्दलची शंका रास्त होती, कोकण रेल्वेचे बोगदे आणि दरडी पाहिलेल्याला ती वेडेपणाची वाटणार नाही. पण न्यूट्रिनोमुळे किरणोत्सर्ग होईल ही तिच्याबरोबर पसरलेली भीती निराधार होती, आणि तिने खऱ्या शंकेचंही नुकसान केलं. मुंबईत ट्रॉम्बेला ध्रुव अणुभट्टीजवळ भाभा अणुसंशोधन केंद्राचा प्रतिन्यूट्रिनो शोधक आहे. तो छोटा आहे आणि त्याचं काम मुख्यतः भट्टीवर नजर ठेवण्याचं आहे, पण हात बसायला असेच शोधक लागतात.

जड न्यूट्रिनोची गोष्ट थेट सिद्ध करता येणार नसली तरी खोटी पाडता येईल, आणि माझ्या लेखी तिची खरी किंमत त्यात आहे. समजा, जिनिव्हाच्या कोलायडरमध्ये, म्हणजे त्या मानाने फारच कमी ऊर्जेला, लेप्टॉनांची संख्या बदलणारी घटना सापडली. तर अशा क्रिया आरंभीच्या विश्वात खूप उशिरापर्यंत जोरात चालू राहिल्या असणार. आधी जमलेली बाकी त्यांनी धुऊन टाकली असती. मग अतिजड सोबत्याचं खातं बंद करून दुसरी खाती उघडावी लागतील, आणि बहुधा पहिला तपास हिग्ज क्षेत्र जागेवर बसलं त्या क्षणाचा होईल.